पालथा हात

कुणाच्याही घरात शिरलं की आमचे गुरुजी आधी कंदिलाजवळची भिंत चाचपायचे. तळहातानं नाही. हात पालथा करायचे, बोटांची मागची बाजू भिंतीला टेकवायचे, डोळे किंचित मिटायचे आणि मग म्हणायचे, "गार हाय." त्यानंतर नमस्कार, त्यानंतर बसणं, त्यानंतर चहा. चहा आला की कपालाही पालथा हात. यजमानाला वाटायचं, गुरुजींना आपल्या चहाचीच शंका आहे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा काळजीखोर माणूस असेलच. दाराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जाणारा आणि कुलूप ओढून बघायला पुन्हा मागं येणारा. आमच्या गुरुजींची काळजी मात्र एकाच गोष्टीची होती, विस्तवाची. बिदरच्या मोटारीत बसायच्या आधी ते पुढं जाऊन इंजिनाच्या झाकणाला हात लावायचे. ड्रायव्हर ओरडायचा, "तापणारच की वो ते, गुरुजी!" गुरुजी मुकाट्यानं सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसायचे. वर्गात एखादं पोर कोमेजलेलं दिसलं की त्याच्या कपाळालाही तोच हात. ताप असला तर घरी पाठवायचे, नसला तर म्हणायचे, "गार हाय. चल, पाढे मन." काही वस्ताद पोरं मग मुद्दाम उन्हात उभं राहून, डोकं तापवून वर्गात यायची.

आम्ही दोघं संतपूरजवळच्या एका गावातल्या मराठी शाळेत शिकवत होतो. म्हैसूर राज्याचे दिवस. तपासणीला येणारे साहेब कन्नडमध्ये प्रश्न विचारायचे, पेठेतले जुने लोक उर्दूत गप्पा मारायचे, आणि आम्ही आपली मराठीत बाराखडी घोटून घ्यायचो. मी नोकरीत नवीन होते. गुरुजींचं घर आमच्याच वस्तीत, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. ते मला 'बाई' म्हणायचे, त्यांच्या बायकोला मी 'अक्का' म्हणायची. आमची वस्ती बौद्ध झाली त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. घरातले देव्हारे रिकामे झाले होते आणि विहार अजून व्हायचा होता.

विहाराला जागा होती, दगड होते, गवंडी तर वस्तीतलाच होता. अडचण एवढीच की विहार दिसतो कसा, हे बहुतेकांनी पाहिलेलंच नव्हतं. प्रत्येकाच्या मनात वेगळी इमारत उभी. कुणाला शाळेसारखा हवा, कुणाला दोन कमानी हव्यात, एकाला तर वर घड्याळ हवं होतं. बैठका व्हायच्या, भांडणं व्हायची, चहा संपायचा. शेवटी गुरुजींनी पुठ्ठ्याचा विहार करून आणला. खऱ्या विहाराच्या हातभर भिंतीला इथं बोटभर भिंत, असं त्याचं माप. खळ लावून चिकटवलेल्या भिंती, दार, खिडक्या, आणि नारळाच्या करवंटीवर कागद चढवून केलेला घुमट. गवंडी त्याच्याभोवती फिरला आणि म्हणाला, "आता कळलं. असं दावायचं की आधी."

त्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत तो पुठ्ठ्याचा विहार बैलगाडीवर ठेवला. मिरवणूक आमच्याच गल्लीतली, छोटी. दिवस मावळला तसं कुणीतरी म्हणालं, आत मेणबत्ती लावू या. गुरुजींनी स्वतःच्या हातानं लावली. गाडीचं चाक खड्ड्यात गेलं, मेणबत्ती लवंडली आणि बघता बघता भिंत पेटली. गाडीत कडबा होता, वर कापडाचं छत होतं, भोवती पोरं नाचत होती. गुरुजींनी तो पेटता विहार दोन्ही हातांत उचलला, रस्त्याच्या कडेला नेला आणि मातीवर ठेवला. अक्का नंतर रडत म्हणाल्या, "फेकून कामून दिला न्हाई?" तर गुरुजी म्हणाले, "लेकरं होती की चारी अंगानं."

जखमा भरल्या. पण तळहातांची कातडी तुकतुकीत झाली आणि तिथलं कळणं गेलं. खडू धरता यायचा, पण ऊन काय आणि गार काय, तळहाताला समजायचं नाही. म्हणून तो पालथा हात. लोक हसायचे, मीही हसायची, पण कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढच्या जयंतीच्या आधी गावाची बैठक झाली आणि तिथं ठरलं की या वेळी मिरवणूक पेठेतून जाईल. हे केवढं मोठं होतं ते सांगायला हवं. पेठेत आम्ही जायचो ते सामान आणण्यापुरतं. अंगाला अंग लागू नये म्हणून काही दुकानदार अजून पुडी वरूनच ओंजळीत सोडायचे. तिथून वाजतगाजत आम्ही कधीच गेलो नव्हतो. बैठकीत सगळ्यात जास्त खळखळ केली ती कापडवाल्या शेठनी. ते म्हणाले, "माझं कापडाचं दुकान हाय. गेल्या साली तुमच्या गल्लीत काय झालं ते समद्या गावानं बघितलं. जाळ दिसला की मिरवणूक तिथूनच माघारी. पुन्हा पेठेचं नाव काढायचं न्हाई."

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, हेच आम्हाला बोचलं. आमच्या लोकांनी अट कबूल केली. आणि घरी परतताना सगळे गुरुजींकडं बघत होते.

"मग उजेड ठेवूच नका की आत," मी दुसऱ्या दिवशी शाळेत म्हणाले. "तसाच नेऊ."

"तिन्हीसांजेला मिरवणूक निघायची, बाई. आत उजेड नसला तर पेठेतले लोक मनतेल, ह्यांनी गोदाम बांधायला काढलंय." असं म्हणून त्यांनी खिशातून बॅटरीचा एक बारका बल्ब काढला. "मेणबत्ती न्हाई. हे."

वस्तीत वीज नव्हती. खांब आले होते, तार यायची होती. म्हणून सगळा कारभार बॅटरीच्या सेलवर. गुरुजींनी घरोघरचे वापरून टाकलेले सेल गोळा केले आणि कट्ट्यावर एप्रिलच्या उन्हात ओळीनं मांडले, कारण मेलेला सेल उन्हात ठेवला की थोडा वेळ जिवंत होतो. दुपारी ते सेलवरून पालथा हात फिरवायचे आणि खूश व्हायचे. तापलेली चालेल अशी त्यांच्या जगातली ही एकच वस्तू. हे सेल सरावाचे. मिरवणुकीसाठी नवे औरादच्या बाजारातून आणायचे ठरले होते. बिदरला जाऊन त्यांनी पंपाच्या जळालेल्या मोटारीतली तांब्याची बारीक तार आणली. डब्याचा पत्रा कापून पट्ट्या केल्या, पट्टीला भोक पाडून त्यात बल्ब फिरवून बसवले. पण तार केसासारखी. त्यांच्या बोटांना ती लागायचीच नाही. ओठांत धरून, दातांनी ओढून ते काम करायचे. मग तार खरवडायचं आणि पिळायचं काम माझ्याकडं आलं. शाळा सुटली की मी त्यांच्या ओट्यावर ब्लेड घेऊन बसायची.

बल्ब पेटला की लगेच हात. "तापलं न्हाई ना?"

"गुरुजी, बॅटरीचा बल्ब हाय. मुंगीला बी चटका बसायचा न्हाई."

"मेणबत्ती बी एवढीशीच होती, बाई."

त्यानंतर मी चेष्टा केली नाही. खरं सांगायचं तर त्यांची भीती मलाही लागली होती. घरी भाकरी झाल्या की मी चुलीतलं लाकूड दोनदा विझवून बघायला लागले. अक्का तर मेटाकुटीला आल्या होत्या. "भाकरीला बी हात लावून बघतेत, अन् खातेत कुठं?" असं त्या माझ्याजवळ म्हणायच्या.

विहार तयार झाला तेव्हा गुरुजींनी वस्तीतल्या जाणत्यांना संध्याकाळी बोलावलं. सगळ्यांत पुढं किसनअप्पा, वस्तीतले सगळ्यात म्हातारे, बोलायला तिखट. गुरुजींनी पत्र्याची पट्टी दाबली. बल्ब लागले आणि सगळा विहार उजळला. खिडक्याच नाहीत, भिंतीही. पुठ्ठ्यातून, सांध्यांतून, घुमटातून, जिथून तिथून उजेड बाहेर आला.

किसनअप्पा म्हणाले, "मास्तर, दिवाळी सोडून आपल्याला किती दिवस झाले?"

गुरुजींना कळेना.

"न्हाई, आकाशकंदील करून आनलाव मनून इचारलं. पेठेत हे घेऊन गेलाव तर लोक मनतेल, ह्यांनी दिवाळी सोडली अन् एप्रिलात पुन्हा धरली."

लोक हसले. हसू आवरेना कुणाला, कारण ते खरंच होतं. भिंतीतून उजेड झिरपणारं घर म्हणजे कंदीलच. पण वस्तीत ही थट्टा साधी नव्हती. बौद्ध झाल्यावर कोणी घराला कंदील लावला यावरून भाऊ भावाशी बोलायचा बंद झालेला मी पाहिला होता. गुरुजींचा चेहरा उतरला. जाळाची काळजी करता करता त्यांनी उजेडाचा विचारच केला नव्हता. लोक गेल्यावर ते विहाराजवळ बसून राहिले. छताला पालथा हात लावून म्हणाले, "गार तर हाय. पण घर न्हाई झालं हे."

मग सुरू झाली चहाच्या पुड्यांची मागणी. पुडीच्या आत चंदेरी कागद असतो, तो त्यांनी सगळ्या भिंतींना आतून चिकटवला, सांध्यांवर आधी काळी शाई फासून. भिंतीतून येणारा उजेड थांबला. पण आता खिडकीतून बघितलं की बल्ब डोळ्यांत टोचायचा. त्याच्यावर गुरुजींनी काढलेली युक्ती वस्तीला जन्मभर पुरेल एवढी करमणूक देऊन गेली. त्यांना अंड्याची टरफलं हवी होती, आणि तीही फुटलेली नको, फक्त वरच्या टोकाला बारीक भोक पाडून रिकामी केलेली. गुरुजी दारोदार जाऊन सांगायचे, "अंडं फोडताना जरा जपून." बाया पदर तोंडाला लावायच्या. एक म्हणाली, "गुरुजी, कोंबडीलाच शाळंत घाला की, ती बरोबर भोक ठेवून घालील." पण टरफलं मिळाली. प्रत्येक बल्बावर एक टरफल बसलं. टरफल जळत नाही, हे गुरुजींना आधीपासून आवडलं होतं. दिसायला काय झालं ते मात्र त्यांनाही वाटलं नव्हतं. खिडक्यांतून मऊ, दुधाळ उजेड आला, कुठून येतो ते दिसेना. आत कुणीतरी वाचत बसलंय असं वाटलं.

किसनअप्पांनी वाकून दारातून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आता बसावं वाटायलंय आत," म्हणाले आणि काठी टेकत गेले.

मिरवणुकीच्या दिवशी गुरुजी सकाळपासून जेवले नाहीत. गाडीतला कडबा त्यांनी काढून टाकायला लावला, छताचं कापड काढायला लावलं, गाडीवानाच्या कानावरची विडीसुद्धा मागून घेतली. बाया मागं चालणार होत्या, पण मला त्यांनी गाडीजवळच ठेवलं. ते स्वतः गाडीच्या डाव्या अंगानं चालत होते, विहाराच्या छतावर पालथा हात ठेवून. हलगी वाजत होती, पोरं नाचत होती, आणि गुरुजी तापलेल्या लेकराच्या उशाशी बसल्यासारखे त्या घराबरोबर चालत होते.

पेठेत वळलो तेव्हा अंधारलं होतं. दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर लोक उभे होते. कुणी शिवी दिली नाही, कुणी रामराम घातला नाही. नुसते बघत होते. विहार छान दिसत होता. मला वाटलं, झालं, निभावलं. आणि कापडाच्या दुकानासमोर गाडीला हिसका बसला आणि उजेड गेला.

हलगी थांबली. मागून आमच्यातलाच एक तरणा पोरगा म्हणाला, "अंधारात न्यायचं का पेठंतून? काडी लावा, मेणबत्ती हाय माझ्याकडं." दुसऱ्यानं काडेपेटी काढली. तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"काडी वढू नका!" गुरुजी ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी शाळेतही कधी ऐकला नव्हता. पोरगा जागच्या जागी थिजला.

आरडाओरडा ऐकून शेठ बॅटरी घेऊन पायरी उतरले. "काय चाललंय? काडी कशाला? जाळ लावायलाव का माझ्या दारात?"

"न्हाई शेठ, तार सुटलीय. तुमची बॅटरी दावा जरा हिकडं."

शेठ घुटमळले. पण काडीपेक्षा बॅटरी बरी, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी उजेड धरला. गुरुजींनी दारातून बोटं आत घातली, फिरवली, बाहेर काढली, पुन्हा घातली. तार त्यांना लागेना. माझ्याकडं वळून ते हळूच म्हणाले, "बाई, मला कळंना झालंय. तुम्ही बघा." मी बांगड्या मागं सारल्या आणि हात आत घातला. एक टरफल बोटाला लागलं, मग पट्टी, मग सुटलेलं तारेचं टोक. मी ते पट्टीभोवती पिळलं. माझ्या हाताभोवती उजेड आला.

लोकांनी श्वास सोडला. शेठनी नाही सोडला. ते विहाराकडं डोळे बारीक करून बघत म्हणाले, "हे आत जळायलंय की!"

आणि मग गुरुजींनी जे केलं ते त्यांनी ठरवून केलं असं मला वाटत नाही. पोराच्या कपाळाला हात लावायच्या सवयीनंच केलं असावं. त्यांनी शेठचं मनगट धरलं, हात पालथा केला आणि विहाराच्या छतावर टेकवला. "बघा," म्हणाले.

सगळी पेठ बघत होती. त्या दारात आमच्या ओंजळीत पुडी वरून पडायची. शेठ हात ओढून घेतील, आता काहीतरी होईल, असं मला वाटलं आणि मी भीतीनं बैलाचं शिंग धरलं. गुरुजींनाही आपण काय केलं ते तेव्हाच कळलं असावं, कारण त्यांनी मनगट सोडलं. पण शेठचा हात तिथंच राहिला. त्यांनी तो थोडा सरकवला, घुमटाजवळ नेला, पुन्हा टेकवला.

"गार हाय," शेठ म्हणाले.

हलगी पुन्हा सुरू झाली. पेठ संपली. वस्तीत आल्यावर गुरुजी गाडीच्या चाकाला टेकून खाली बसले आणि अक्कांना म्हणाले, "भूक लागली बघ."

पुढच्या वर्षी मिरवणूक पेठेत आली तेव्हा शेठ पायरीवर उभे होते. कुणी न सांगता खाली आले आणि छताला पालथा हात लावून गेले. त्यांच्यामागं त्यांचा मुलगा आला, मग शेजारचा सोनार आला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. मी त्याला फार मोठं नाव देत नाही. पेठ एका वर्षात बदलली नाही, पुड्या वरून पडायच्या थांबायला वेळ लागला. पण मिरवणूक पुन्हा कुणी अडवली नाही.

खरा विहार झाला. वीज आली. गुरुजी रोज संध्याकाळी जाऊन तिथल्या बटनाच्या फळीला पालथा हात लावायचे. निवृत्त झाले तरी जायचे. वस्तीतल्या पोरांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा म्हणाली, आता विहार ट्रॉलीवर नेऊ. गुरुजींनी साफ नकार दिला, "इंजन तापतंय." म्हणून जयंतीला आमच्याकडं अजून बैलगाडी असते. पुठ्ठा मधे दोनदा नवा केला, तारा नव्या आल्या. टरफलं मात्र घरोघरच्या बाया अजून टोकाला भोक पाडून जपून ठेवतात.

गुरुजी गेले ते एका पावसाळ्यात, साध्या आजारपणात, घरात. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं. त्यांच्यासारखी दुसऱ्याची काळजी करणारं आता माझ्या आयुष्यात कुणी उरलं नाही.

त्यानंतरच्या जयंतीला अक्का आणि मी पेठेत कापडाच्या दुकानाजवळ उभ्या होतो. गाडी आली. दोन्ही बाजूंनी लोक पुढं होऊन छताला पालथा हात लावत होते. आमच्या पुढं एका माणसाच्या खांद्यावर त्याची बारकी मुलगी होती. तिनं वाकून तळहात लावला.

"तसं न्हाई गं बाई," अक्का म्हणाल्या. "पालथा कर."

"कामून?"

मुलीच्या बापालाही कारण ठाऊक नव्हतं. "तसंच करतेत," तो म्हणाला.

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं, मग मुलीकडं. "आमच्या गुरुजींच्या तळहाताला कळंना झालं होतं, मनून," त्या म्हणाल्या. मुलीनं हात पालथा केला, टेकवला आणि हसली.

इतक्या वर्षांत अक्कांनी स्वतः त्या छताला कधी हात लावला नव्हता. त्यांच्या घरातून तो गुरुजींचा मान होता. त्या दिवशी त्या पुढं झाल्या आणि त्यांनी हात पालथा करून घुमटाजवळ टेकवला. गाडीवानानं बैल हाकले. गाडी चालू लागली, पण अक्कांनी हात काढला नाही. गाडीच्या डाव्या अंगानं, छतावर हात तसाच ठेवून, त्या पेठेतून चालत गेल्या.